प्रेअरीतले हॉक: शोधावेत कसे आणि ओळखावेत कसे

कॅनडातील आल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या प्रांतांच्या दक्षिण भागापासून खाली अमेरिकेतील टेक्ससपर्यंत पसरलेला गवताळ प्रदेश म्हणजे प्रेअरी. तिथे प्रथमच गेलेला पक्षीनिरीक्षक बहुधा निराश होतो. चहूकडे गवत, वर अफाट आकाश, आणि मध्येच एखादा तपकिरी ठिपका, जो दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत टेकाडाआड गेलेला असतो. माझीही पहिल्या फेरीत अशीच गत झाली. दोन दिवस मी गाडी दामटत राहिलो आणि हाती जेमतेम तीन-चार पक्षी लागले. तिसऱ्या दिवशी एका चढावर गाडी उभी करून तासभर नुसता बसलो, तेव्हा लक्षात आले की पक्षी होतेच, मी चुकीच्या गोष्टीकडे पाहत होतो. मी रंग शोधत होतो, आणि प्रेअरीत रंग ही सर्वांत शेवटी पाहायची गोष्ट आहे. आधी ऋतू आणि जागा, मग बसण्याची व उडण्याची ढब, मग पंखांचा आकार, आणि हे सगळे झाल्यावर रंग, असा क्रम मनाशी पक्का केला की निम्मे काम सोपे होते.

सुरुवातीला नावांविषयी थोडे सांगायला हवे. मराठीत बाज, शिक्रा आणि ससाणा हे शब्द बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, त्यामुळे या लेखात मी तिकडची नावेच देवनागरीत ठेवली आहेत. प्रेअरीच्या संदर्भात 'हॉक' म्हटले की मुख्यतः ब्यूटिओ या प्रजातीतील पक्षी अभिप्रेत असतात, म्हणजे रुंद पंखांचे, आखूड शेपटीचे, भरदार अंगाचे आणि घिरट्या घालणारे शिकारी पक्षी. त्यांच्याबरोबर त्याच माळावर आपल्या भोवत्याचा भाऊबंद शोभेल असा हॅरियर आणि खरूचीच्या जातकुळीतला केस्ट्रेल हेही हमखास दिसतात, म्हणून त्यांचाही इथे समावेश केला आहे.

निघण्यापूर्वी: महिना कोणता आहे?

ओळख पटवण्याचे सर्वांत स्वस्त साधन दिनदर्शिका आहे. स्वेन्सन्स हॉक हा निव्वळ उन्हाळी रहिवासी आहे. तो एप्रिलमध्ये प्रेअरीत येतो, वीण उरकतो आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या काळात थव्यांनी दक्षिणेकडे निघून अर्जेंटिनातील पाम्पास गवताळ प्रदेशात हिवाळा काढतो. एका दिशेचा हा प्रवास सुमारे १०,००० किलोमीटरचा असतो. याउलट रफ-लेग्ड हॉक उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात वीण करतो आणि प्रेअरीत साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या काळातच दिसतो. त्यामुळे जुलै महिन्यात 'रफ-लेग्ड दिसला' किंवा जानेवारीत 'स्वेन्सन्स दिसला' असे वाटले, तर आधी स्वतःच्या निरीक्षणावर शंका घ्यावी.

रेड-टेल्ड हॉक बहुतेक प्रेअरीत वर्षभर असतो, मात्र हिवाळ्यात तिथे दिसणारे सगळेच रेड-टेल्ड स्थानिक नसतात. अलास्का आणि वायव्य कॅनडात वीण करणारे हार्लन्स हे गडद रूप हिवाळ्यात दक्षिणेकडील सपाट प्रदेशात उतरते आणि नवख्या निरीक्षकाला पार गोंधळात टाकते. फेरुजिनस हॉक उन्हाळ्यात उत्तरेकडेही वीण करतो, पण तिथल्या जमिनीवर राहणाऱ्या खारी शीतनिद्रेत गेल्या की त्याचे खाद्यच जमिनीखाली जाते आणि तो दक्षिणेकडे सरकतो. काळ्या शेपटीचे प्रेअरी डॉग (नावात डॉग असले तरी हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी आहे) हिवाळ्यातही बिळाबाहेर येत राहतात. कोलोरॅडोपासून टेक्ससपर्यंत त्यांच्या वसाहतींवर फेरुजिनस हिवाळाभर का टिकून राहतो, याचे उत्तर यातच आहे.

जागा निवडताना

रॉकी पर्वतरांगेच्या पूर्वेला पर्जन्यछाया असल्यामुळे पश्चिमेकडील प्रेअरी आखूड गवताची आहे, आणि पूर्वेकडे पाऊस वाढत जातो तसे गवतही उंच होत जाते. हॉक पाहण्यासाठी आखूड गवताचा भाग अधिक सोयीचा, कारण तिथे भक्ष्यही उघडे पडते आणि शिकारीही. कोलोरॅडोच्या ईशान्येकडील पॉनी नॅशनल ग्रासलँड, साउथ डकोटातील बॅडलँड्स नॅशनल पार्क व त्याला लागून असलेले बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँड, वायोमिंगमधील थंडर बेसिन आणि सस्कॅचेवानच्या दक्षिण सीमेवरील ग्रासलँड्स नॅशनल पार्क ही त्यासाठी उत्तम ठिकाणे आहेत. उंच गवताची मूळ प्रेअरी आता ४ टक्क्यांहूनही कमी उरली आहे आणि तिचा मोठा हिस्सा कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये आहे. तिथे हॅरियर आणि रेड-टेल्ड चांगले दिसतात, पण फेरुजिनससाठी मुद्दाम तिथवर जाऊ नये.

नॅशनल ग्रासलँड हे नाव ऐकून सलग सरकारी जमीन डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात पॉनीसारख्या ठिकाणी सरकारी आणि खासगी जमिनीचे तुकडे बुद्धिबळाच्या पटासारखे एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यामुळे जमिनीची मालकी दाखवणारा नकाशा जवळ असलाच पाहिजे. कुंपण ओलांडायचे नाही, आणि वाटेतले फाटक उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंदच ठेवायचे. शिवाय कच्च्या रस्त्यांवरची चिकणमाती पावसानंतर इतकी चिकट होते की चारचाकी गाडीसुद्धा जागीच रुतते. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर खडीच्या रस्त्यांवरच राहावे.

शोधण्याची पद्धत

प्रेअरीच्या मोठ्या भागात रस्त्यांची चौकटीसारखी आखणी आहे. जमीन एकेक मैलाच्या, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटरच्या चौरसांत मोजली गेल्यामुळे अनेक ठिकाणी दर मैलाला आडवा-उभा रस्ता सापडतो. या आखणीचा फायदा असा, की सूर्य पाठीशी ठेवून हवा तो मार्ग निवडता येतो. सकाळी पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि दुपारनंतर पश्चिमेकडून पूर्वेकडे जावे. हे ऐकायला क्षुल्लक वाटते, पण उन्हाविरुद्ध पाहिलेला प्रत्येक हॉक काळाच दिसतो आणि 'गडद रूपाचा' म्हणून वहीत चुकीचा नोंदला जातो.

गाडी ताशी ३०-४० किलोमीटरच्या वेगाने चालवावी आणि पाहण्याचे काम शक्यतो सोबत्याकडे द्यावे. नजर आधी विजेच्या खांबांच्या रांगेवरून, मग कुंपणाच्या खुंटांवरून, मग दूरवरच्या एकट्या झाडावरून फिरवावी. खांबाच्या टोकाशी नेहमीपेक्षा जाड, उभट गोळा दिसला की थांबावे. थांबण्याचेही तंत्र आहे. पक्षी बसलेल्या खांबाच्या अगदी खाली जाऊन थांबले तर तो उडणारच. शंभर-दीडशे मीटर अलीकडेच गाडी हळूहळू बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि दार न उघडता खिडकीतूनच पाहावे. हॉक चालत्या गाडीला सरावलेले असतात, पण गाडीतून उतरणारा माणूस त्यांना मुळीच सहन होत नाही. खिडकीच्या काचेवर बसवता येणारा स्टँड असेल तर स्पॉटिंग स्कोपही (लांबचे पाहायची एकनळी दुर्बीण) आतूनच वापरता येतो. हाताशी ८×४२ची दुर्बीण पुरेशी आहे. त्याहून जास्त वर्धनाची दुर्बीण वाऱ्यात हलते आणि प्रेअरीत वारा जवळपास रोजचाच असतो.

खांब आणि झाडे पाहून झाली की जमीन पाहावी. नवखे निरीक्षक इथेच सर्वाधिक चुकतात. फेरुजिनस हॉक जमिनीवर तासन्‌तास उभा राहतो. एका हिवाळी सकाळी प्रेअरी डॉगच्या वसाहतीच्या कडेला मला एक फिकट दगड दिसला आणि मी दुर्बीण पुढे सरकवली. परत वळून पाहिले ते दगडामुळे नव्हे. आजूबाजूचे आठ-दहा प्रेअरी डॉग आपापल्या मातीच्या ढिगाऱ्यावर मागच्या पायांवर उभे होते आणि सगळ्यांची तोंडे त्या एकाच दगडाकडे होती. शेपट्या झटकत त्यांचे भुंकणे चालू होते. मग दगडाने मान वळवली. चोचीच्या कोपऱ्यापासून थेट डोळ्याखालपर्यंत गेलेली पिवळी रेघ स्कोपमध्ये स्पष्ट दिसली, आणि पायांवरची तांबूस पिसे बोटांपर्यंत उतरलेली होती. तेव्हापासून माझा नियम असा आहे की वसाहत दिसली की आधी प्रेअरी डॉग कुठे पाहत आहेत ते पाहायचे. चंडोल एकाएकी गवतातून उसळून उडाले किंवा किंगबर्डसारखा लहान पक्षी एखाद्या मोठ्या पक्ष्याच्या पाठीवर तुटून पडत असला, तर तीही हीच सूचना असते.

दिवसाच्या वेळेचाही मोठा वाटा आहे. सकाळी लवकर हवा थंड असते, वर चढणारे उष्ण प्रवाह तयार झालेले नसतात, म्हणून हॉक बसलेले सापडतात, आणि हिवाळ्यात तर ते पिसे फुलवून छाती उन्हाकडे करून बसतात. जमीन तापू लागली, म्हणजे साधारण नऊ-दहानंतर, ते वर जाऊन घिरट्या घालू लागतात. बसलेल्या पक्ष्यांचा तपशील सकाळी आणि पंखांची खालची बाजू दुपारी, अशी विभागणी करावी. उन्हाळ्यात भर दुपारी मात्र जमिनीलगतची हवा इतकी थरथरते की स्कोपमध्ये सगळेच वितळल्यासारखे दिसते. तेवढा वेळ विश्रांती घ्यावी.

एकटी झाडे आणि शेतांच्या कडेने लावलेल्या झाडांच्या रांगा विशेष लक्षपूर्वक पाहाव्यात. या रांगांमागे इतिहास आहे. १९३०च्या दशकातील धुळीच्या भीषण वादळांनंतर सरकारी योजनेतून नॉर्थ डकोटापासून टेक्ससपर्यंत वारा अडवण्यासाठी २० कोटींहून अधिक झाडे लावली गेली. जिथे पूर्वी नजर जाईल तिथवर झाडच नव्हते, तिथे घरट्यांसाठी जागा तयार झाल्या. स्वेन्सन्सला त्यांचा लाभ झाला, पण झाडांबरोबर रेड-टेल्डही माळावर आत सरकला. जमिनीवर, कड्यावर किंवा एखाद्या एकट्या झाडावर घरटे करणाऱ्या फेरुजिनससाठी ही स्पर्धा काही हिताची नाही.

ओळखण्याची पद्धत

पक्षी उडत असेल तर पहिला प्रश्न: पंख कसे धरले आहेत? समोरून येताना ते जवळजवळ आडवे असतील तर रेड-टेल्डचा विचार करावा. इंग्रजी व्ही अक्षरासारखे उथळ वर उचललेले असतील तर स्वेन्सन्स, फेरुजिनस किंवा रफ-लेग्ड. व्ही ठळक असेल आणि पक्षी गवताला लागून उडत असेल तर हॅरियर. आणि व्ही ठळक असून पक्षी उंचावर डावी-उजवीकडे डगमगत असेल, डोके अगदी लहान दिसत असेल, तर ते टर्की व्हल्चर हे गिधाड. सोनेरी गरुडही पंख किंचित उचलून धरतो, पण त्याचा आकार आणि संथ, स्थिर चाल पाहिली की शंका उरत नाही.

दुसरा प्रश्न पंखांच्या टोकांचा. रेड-टेल्डचे पंख रुंद आणि टोकाशी बोथट असतात. स्वेन्सन्सचे लांब, निमुळते आणि टोकदार. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की अर्ध्या किलोमीटरवरूनही स्वेन्सन्स वेगळा काढता येतो.

रंगाकडे वळायचे ते यानंतर. रेड-टेल्डची तांबडी शेपटी फक्त प्रौढ पक्ष्यालाच असते. पहिल्या वर्षाच्या पक्ष्याची शेपटी तपकिरी आणि बारीक आडव्या रेघांची असते, त्यामुळे 'शेपटी तांबडी नाही, म्हणजे रेड-टेल्ड नाही' हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. भरवशाची खूण पंखाच्या खाली आहे: खांद्यापासून मनगटापर्यंत (म्हणजे पंख जिथे दुमडतो त्या सांध्यापर्यंत), पंखाच्या अगदी पुढच्या कडेला गडद पट्टी. बहुतेक फिकट रेड-टेल्ड पक्ष्यांत, लहान-मोठ्या दोन्ही वयांत, ती दिसते. बसलेल्या पक्ष्याच्या पोटावर रेषारेषांचा आडवा पट्टा असतो आणि पाठीवर दोन्ही बाजूंना फिकट ठिपक्यांची व्ही-आकाराची नक्षी. उत्तर प्रेअरीतील क्रायडर्स हे रूप अपवाद: डोके पांढुरके, शेपटी जवळजवळ पांढरी, पट्टी पुसट. फेरुजिनस समजून नोंदलेले कित्येक पक्षी प्रत्यक्षात क्रायडर्स असतात.

स्वेन्सन्सच्या पंखांची खालची बाजू दोन रंगांत विभागलेली असते. पुढचे अस्तर फिकट आणि मागची उड्डाणपिसे गडद. इतर हॉकमध्ये उड्डाणपिसे सहसा फिकट असतात, म्हणून ही उलटी मांडणी लांबूनही उठून दिसते. गिधाडाचे याच्या नेमके उलट असते, अस्तर काळे आणि उड्डाणपिसे रुपेरी. प्रौढ स्वेन्सन्सच्या गळ्याशी पांढरा ठिपका आणि छातीवर लाळेऱ्यासारखा तपकिरी भाग असतो. बसलेला असताना पंखांची टोके शेपटीच्या टोकापर्यंत पोहोचतात, किंवा थोडी पुढेही जातात. रेड-टेल्डची त्या आधीच संपतात. पिल्लांना भरवताना हा पक्षी खारी, उंदीर पकडतो, पण एरवी त्याचा भर टोळ आणि नाकतोडे यांवर असतो, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गवत कापणाऱ्या किंवा जमीन नांगरणाऱ्या ट्रॅक्टरमागे डझनावारी स्वेन्सन्स जमिनीवर धावताना पाहायला मिळतात. याच सवयीने त्याचा घातही केला. १९९५-९६च्या सुमारास अर्जेंटिनात टोळांवर फवारलेल्या मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाने हजारो स्वेन्सन्स मेले. उन्हाळ्यात सस्कॅचेवानच्या शेतात दिसणाऱ्या या पक्ष्याचे भवितव्य दुसऱ्या गोलार्धातील शेतांवर अवलंबून आहे, हे मला तो दिसला की दर वेळी आठवते.

फेरुजिनस हा उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठा ब्यूटिओ. मादीचे वजन दोन किलोपर्यंत जाऊ शकते. नावाचा उगम गंजाच्या रंगाला असलेल्या लॅटिन शब्दात आहे आणि प्रौढ पक्ष्याची पाठ व पाय खरोखरच गंजलेल्या लोखंडासारखे असतात. डोक्यावरून जाताना पांढऱ्या पोटावर हे तांबूस पाय एकत्र येऊन गडद व्ही तयार होतो. त्या क्षणी दुसरे काहीही पाहण्याची गरज नाही. पाठमोरा उडाला तर पंखांच्या टोकांशी दोन फिकट चौकोन आणि शेपटीचा फिकट भाग, असे तीन डाग दिसतात. अल्पवयीन पक्ष्याच्या पायांवर तांबूसपणा नसतो, तेव्हा मोठे डोके, रुंद जबडा आणि स्वच्छ पांढरे पोट यांवर भिस्त ठेवावी.

रफ-लेग्डला त्याच्या मनगटांवरून ओळखावे. फिकट पंखांच्या खाली, मनगटाच्या जागी, दोन मोठे काळे डाग असतात. शेपटी बुडाशी पांढरी आणि टोकाशी काळी. सवयीने तो वाऱ्याला सामोरा जाऊन एका जागी पंख फडफडवत तरंगतो. रेड-टेल्डही वाऱ्यावर स्थिर राहतो, पण पंख सहसा न हलवता. रफ-लेग्डचे पंजे लहान असतात, आणि इतर हॉक ज्या बारीक फांदीवर बसायचे टाळतील, तिथे तो झाडाच्या अगदी शेंड्यावर बसलेला दिसतो.

हॅरियरची गोष्टच वेगळी आहे. तो कमरेएवढ्या उंचीवरून, गवताच्या चढ-उताराबरोबर वर-खाली होत, संथपणे माळ पिंजून काढतो. शेपटीच्या बुडाशी असलेला पांढरा चौकोन दोन शेतांपलीकडूनही दिसतो. मादी तपकिरी, नर राखी-पांढरा. चेहरा घुबडासारखा गोल असतो, कारण गवताखालच्या उंदराची चाहूल तो कानानेही घेतो. पुढे जाता जाता तो एकाएकी थबकतो, एक पंख वर, एक खाली, जागच्या जागी वळतो आणि लांब पाय पुढे करून गवतात नाहीसा होतो. तो परत वर येईपर्यंत दुर्बीण तिथेच रोखून ठेवावी. संध्याकाळी याच जागी आखूड कानांचे घुबडही तशीच शिकार करते, पण त्याला शेपटीचा पांढरा चौकोन नसतो. तारांवर बसून शेपटी खाली-वर हलवणारा, कबुतराहूनही लहान पक्षी म्हणजे केस्ट्रेल. आणि काखेत काळे ठिपके असलेला, टोकदार पंखांचा, फिकट तपकिरी पक्षी जमिनीलगत वेगाने गेला तर तो प्रेअरी फाल्कन.

राहिली गडद रूपे. नवख्यांनी पहिल्या वर्षी त्यांच्या मागे लागू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. तरीही एखादा समोर आलाच, तर शरीर सोडून फक्त उड्डाणपिसे आणि शेपटी पाहावी. अंग काळे पण उड्डाणपिसे व शेपटी खालून पांढरी, पट्ट्यांविना: फेरुजिनस. उड्डाणपिसे रुपेरी आणि शेपटीच्या टोकाशी गडद पट्टा: रफ-लेग्ड. उड्डाणपिसेही गडद आणि शेपटीखालचा भाग तेवढा फिकट: स्वेन्सन्स.

अंतर आणि कायदा

एप्रिल ते जुलै हा काळ घरट्यांचा आहे. फेरुजिनस, विशेषतः अंडी घातल्यानंतरच्या दिवसांत, माणसाच्या वावराने घरटे सोडून देऊ शकतो. घरटे आढळल्यास निदान अर्धा किलोमीटर लांब राहावे, पक्षी ओरडू लागला किंवा डोक्यावर घिरट्या घालू लागला तर तत्काळ निघावे, आणि घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. अमेरिकेत १९१८च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याखाली या पक्ष्यांना संरक्षण आहे. त्यामुळे खांबाखाली पडलेले एखादे सुंदर पीससुद्धा परवान्याशिवाय उचलून घरी नेता येत नाही. त्याचे छायाचित्र घ्यावे आणि ते तिथेच राहू द्यावे.

नोंद

पक्षी दिसताच पुस्तक किंवा मोबाइलवरील ॲप उघडू नये. आधी वहीत लिहावे: तारीख, वेळ, पक्षी कुठे बसला होता, पंख कसे धरले होते, पंखांच्या खाली काय गडद आणि काय फिकट, शेपटी कशी. हे लिहून झाल्यावरच चित्रांशी ताडून पाहावे, कारण चित्र आधी पाहिले की न दिसलेल्या खुणाही दिसल्यासारख्या वाटतात. लांबचा पक्षी ओळखू आला नाही तर 'ब्यूटिओ, जात अनिश्चित' एवढेच लिहावे आणि खाली दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात. तोच पक्षी दुपारी पुन्हा वर आला, तर त्या भरता येतात.